तेलविहिरीची घंटा

मॅट्रिक झाल्यावर मी अकोल्यात जठारपेठेतल्या एका लहानशा कंपनीत लागले. विजेच्या रिलेसाठी, म्हणजे वीज आली की आतली पट्टी ओढून दोन टोकं जुळवणाऱ्या कळीसाठी, कॉइल गुंडाळायचं काम होतं. केसासारखी बारीक तांब्याची तार, आणि एकही वेढा चुकवायचा नाही. तिथे मुलगी मी एकटीच.

कंपनी आधी पाण्याची टाकी भरली की वाजणाऱ्या घंटा बनवायची. मग गुजरातेत तेल लागलं आणि मालकांच्या डोक्यात वेगळंच शिरलं. विहिरीवरची नळी फुटून दाब उतरला की मैलभर दूरच्या खोलीत घंटा वाजावी आणि तिथूनच बटण दाबून झडप बंद करता यावी. अकोल्यात तेलविहीर कुठली? मालकांनी तीन मैलांवरच्या शेतात हवेची टाकी ठेवली, तिला झडप बसवली आणि कारखान्यापर्यंत तार ओढली.

चाचणी पाहायला तेलक्षेत्रावरून एक साहेब आले. मालक शेतावर गेले. अकराच्या ठोक्याला ते टाकीतली हवा सोडणार होते. अकरा वाजले. घंटा गप्प.

"तुही कॉइल जळली वाटते, पोरी," फोरमन म्हणाले.

"नाही जळली. आतली पट्टी टक् करून ओढल्या गेली, म्या आयकलं. बिघाड त्याच्या पुढं हाये."

मी रिले बसवलेल्या पेटीचे स्क्रू काढायला लागले, तसे साहेब म्हणाले, "मालकांना येऊ द्या."

"तिकडं खरी विहीर असती त थांबली असती काय, साहेब?"

मी झाकण उघडलं. दोन टोकं जिथे टेकायची, तिथे कापसाचा तंतू अडकला होता. बाबा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला; असे तंतू मी रोज त्यांच्या सदऱ्यावरून झटकायची. चिमट्याने ओढून काढला आणि घंटा खणखणली. मी लगेच बटण दाबलं.

अर्ध्या तासाने मालक सायकलवरून घामाघूम होऊन आले. "बंद झाली! झडप धाडकन बंद झाली!"

साहेब म्हणाले, "आमच्याकडे कापूस नाही, पण धूळ भरपूर आहे." त्याच आठवड्यात आम्ही झाकणाला रबराची पट्टी लावली. त्यानंतर माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पेटी बाहेर पडली नाही.

पहिली पेटी बसवायला फोरमनसोबत मीही गुजरातेत गेले. तेलविहीर तेव्हा प्रथमच पाहिली. जमिनीतून वर आलेलं लोखंडी खोड आणि त्याला झडपा फिरवायची चार चाकं, बस्स. मी पदर खोचला आणि पेटी उघडली.