पाठ दखाड

'पाठ दाखवणे' म्हणजे पळून जाणे, असं शाळेत शिकवलं. आमच्या घरात त्याचा अर्थ निराळा होता. मी कुस्ती करून आलो की आबा, म्हणजे माझे वडील, दारातच अडवायचे आणि अहिराणीत म्हणायचे, "पाठ दखाड." मी सदरा वर करून वळायचो. पाठीला माती नसली की ते बाजूला सरायचे आणि आत मायला हाक मारून माझ्यासाठी दूध तापवायला सांगायचे. माती असली तरी आत घ्यायचेच, पण मग त्या दिवशी बोलायचे नाहीत. जिंकलास की हरलास, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. पाठ बघितल्यावर विचारायचं काय राहतं?

आबा मूळचे नामपूरकडचे. तरुणपणी बागलाणातल्या जत्रांमध्ये कुस्त्या खेळले, मग पोटासाठी नाशिकला आले आणि पंचवटीच्या भाजीबाजारात हमाली करू लागले. आयुष्य शहरात गेलं तरी घरात बोलायचे ते अहिराणीच. मला लहानपणीच लंगोट बांधून जवळच्या तालमीत नेऊन सोडलं तेही त्यांनीच. मला विचारलं वगैरे नाही. त्या काळी मुलांना विचारायची पद्धत नव्हती आणि विचारलं असतं तर मी क्रिकेट म्हणालो असतो.

तालमीत एक नियम सगळ्यांच्या वर होता. पाठ मातीला टेकली की कुस्ती संपली. वरच्यानं त्याच क्षणी सोडायचं, उठायचं आणि खालच्याला हात देऊन उभं करायचं. हात दिला नाही तर वस्ताद कानाखाली वाजवायचे. पाडण्याची अक्कल हळूहळू येते, हात देण्याचं वळण आधी लागलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. नव्वदचं दशक माझं या वळणातच गेलं. ते अंगात इतकं मुरलं की पुढे मला महागात पडलं.

कुस्तीत मी बरा होतो, फार मोठा नव्हतो. जत्रेच्या दंगलीत नाव पुकारलं जायचं, वर्तमानपत्रात यायचं नाही. नवं शतक लागल्यावर मुंबईतल्या काही हौशी मंडळींनी जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढती सुरू केल्या. ठोसा चालतो, लाथ चालते, पाडणं चालतं, हात पिरगाळणं चालतं. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात त्याला. त्यांना कुस्तीवाले हवे होते. मी तेव्हा बाविशी-तेविशीचा, नोकरी नाही, अंगात मस्ती भरपूर. गेलो.

पहिल्या लढतीत समोर आलेला पोरगा हाडकुळा होता. मला हसूच आलं. घंटा वाजली तसा मी त्याच्या पटात शिरलो, दोन्ही पाय कवळले, खांद्यावर उचलला आणि असा आदळला की पिंजरा हलला. दोन्ही खांदे खाली, स्वच्छ चीत. मी त्याला सोडलं, उठलो, पंचाकडे पाहिलं आणि वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे खाली वाकून त्याला उठवायला हात दिला.

त्यानं तो हात घेतला. दोन्ही हातांनी घेतला, पाय माझ्या छातीवरून टाकले आणि कोपर उलटं वाकवलं. मी "अरे, संपली ना!" असं मोठ्यानं ओरडल्याचं मला आठवतं. लोक खदखदून हसत होते. कोपरात काहीतरी टचकन वाजलं आणि मी दुसरा हात जमिनीवर आपटला. त्या खेळात हार मानायची ती अशी.

गळ्यात हात अडकवून घरी आलो. आबा दारात उभे. म्हणाले, "पाठ दखाड." मी वळलो. पाठ कोरी करकरीत. ते बाजूला सरले आणि मायला दूध तापवायला सांगितलं. म्हणजे आबांच्या लेखी पिंजऱ्यातली माझी पहिली लढत मी जिंकलेली आहे. मीही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलो नाही. दूध पिऊन झोपलो. ते कोपर आजही पुरतं सरळ होत नाही.

त्यानंतर मला जे शिकायचं होतं ते कुठल्याही पहिलवानाला सांगवत नाही. मला पाठीवर पडायला शिकायचं होतं. या खेळात पाठ टेकल्यावर निम्मी लढाई सुरू होते. खालून पाय वापरायचे, कंबर सरकवायची, वरच्याची मान किंवा हात अडकवायचा. मुंबईला जाऊन एकाकडून थोडंफार शिकून यायचो, पण सराव करायचा कुणाबरोबर? तालमीतल्या माझ्या जोडीदाराला म्हटलं, तू वर ये, मी खाली पडतो. तो म्हणाला, "पाठीवर पडून? डोकं फिरलंय का तुझं?" वस्तादांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "बेटा, तुला काय करायचं ते कर. पण इथं नको. पोरं बघतात."

तालीम सुटली ती तशी. भांडण नाही, तंटा नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही आणि कुणी बोलवायला आलं नाही. ज्या लोकांच्या घामाचा वास मला घरच्या माणसांसारखा ओळखू यायचा, ते रस्त्यात भेटले की "काय, बरं आहे ना?" एवढंच विचारून पुढे जायचे. मला फार एकटं वाटायचं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण पहिलवानाला एकटं वाटतं असं म्हणायला तोंड धजत नाही.

मग घराच्या गच्चीवर जुनी गादी टाकली. पोत्यात चिंध्या आणि वाळू भरून एक माणूस तयार केला, त्याला अंगावर घेऊन सराव करायचो. कुस्तीत हरवलेल्याला आपण अस्मान दाखवलं असं म्हणतो. मी रोज सकाळी आपणहून अस्मान बघत पडलेला असायचो. शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला यायच्या, मला बघून बादली घेऊन परत जायच्या.

हळूहळू लढती मिळत गेल्या. आधी मुंबईत, मग परदेशात. नाशकात याचा कुणाला पत्ता नव्हता. सुजलेला डोळा घेऊन रिक्षात बसलो की रिक्षावाला विचारायचा, "गाडीवरून पडले का, भाऊ?" खरं सांगितलं तर म्हणायचा, "ती टीव्हीवरची कुस्ती? ती तर खोटी असते ना?" सोयरिकीची बोलणी आली की माय "खेळात आहे" एवढंच सांगायची. पाहुणे म्हणायचे, कुठला खेळ? माय चहा आणायला आत निघून जायची. लग्न काही झालं नाही.

परदेशातल्या लढतींना प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याची माणसं असतात. पाणी देणारी, ओरडून सांगणारी. माझं कुणी नसायचं म्हणून आयोजक तिथलाच एखादा माणूस उसना द्यायचे. थायलंडमध्ये असाच एक म्हातारा मिळाला. तो दोन फेऱ्यांमधल्या विसाव्यात माझ्या कानाशी तावातावानं काहीतरी सांगायचा आणि मला एक अक्षर कळायचं नाही. मीही मग त्याच्याशी अहिराणीत बोलायला लागलो. तोही मान डोलवायचा. अख्ख्या कारकिर्दीत इतकं समजून घेणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

त्याच लढतीत समोरच्यानं मला खाली घेतलं. भारी माणूस होता, वरून ठोसे पडत होते. मी गच्चीवरचं अस्मान आठवलं, कंबर सरकवली, पाय त्याच्या मानेभोवती घेतले आणि आवळले. त्यानं मांडीवर हात आपटला. मी जिंकलो होतो. पाठीवर पडून जिंकलो होतो आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली लढत होती, हे तेव्हाच कळलं होतं.

आयोजकांनी लढतीची सीडी दिली. घरी आल्यावर आबांना आणि मायला टीव्हीसमोर बसवलं. मायनं पदर डोळ्यांवर घेतला. आबा गुडघ्यावर हात ठेवून नीट बघत होते. मी खाली गेलो तसे ते उठले.

"पाठ लागनी," ते म्हणाले.

"आबा, पुढे बघा. तो हरलाय. त्यानं हात आपटला."

"पाठ लागनी," पुन्हा तेच. पायात चपला घातल्या आणि बाजारात निघून गेले. पडद्यावर पंच माझा हात वर करत होता.

त्या दिवसापासून आबांनी मला दारात अडवणं सोडलं. मी यायचो, ते आतूनच "उना का?" म्हणायचे. आलास का, एवढंच. त्यापुढे मी बरेच सामने खेळलो, काही जिंकलो, काही हरलो. पण विमानातून, बसमधून घरी येताना माझ्या मनात एकच असायचं. आबा दारात असतील का? ती एक लढत जिंकली होती एवढं त्यांनी म्हणावं, निदान पाठ दखाड तरी म्हणावं. ते कधी म्हणाले नाहीत. मी मागितलंही नाही. आम्ही दोघंही त्या बाबतीत एकाच माळेचे मणी.

मग खांदा निखळायला लागला आणि खेळ थांबला. निवृत्ती जाहीर वगैरे करतात म्हणे. मी कुणाला करणार? घरी येऊन बॅग रिकामी केली. मायनं हातमोजे धुवून दोरीवर वाळत घातले, ते आठवडाभर तिथंच लटकत होते. पुढच्या वर्षी माय गेली. त्यानंतर काही महिन्यांनी आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली.

कुस्तीत क्वचितच पाठ लागलेला तो माणूस आता दिवसरात्र पाठीवर होता. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्या म्हणायच्या, "बाबा, गुडघे दुमडा, पाय रोवा आणि कंबर उचला. अंग हललं नाही तर पाठीला जखमा होतील." आबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. बाई हताश होऊन निघून जायच्या. मला मात्र आबांचं कळत होतं. पाठ लागली, कुस्ती संपली. संपल्यावर हातपाय हलवायचे कशाला?

एके दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी फरशीवर उताणा पडलो.

"आबा, हे मला येतं," मी म्हटलं. "इकडं बघा."

गुडघा दुमडला, टाच रोवली, कंबर उचलून बाजूला सरकवली. पुन्हा केलं. खांदा ठणकत होता. गच्चीवर पोत्याखाली जे वर्षानुवर्षं केलं होतं तेच सगळं. आबा खाटेच्या कडेवरून माझ्याकडे बघत राहिले. संध्याकाळी पांघरूण घालायला गेलो तर त्यांचा डावा गुडघा दुमडलेला होता.

मग आम्ही रोज दुपारी सराव करायला लागलो. ते खाटेवर, मी खाली. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जोडीदार मिळाला होता. एक दिवस चादर बदलताना त्यांनी टाच रोवली आणि कंबर आपणहून उचलली. मी चादर सर्रकन ओढून घेतली. आबा घामाघूम झाले होते. जड जिभेनं म्हणाले, "मनी पाठ देख."

मी त्यांना कुशीवर घेतलं, सदरा वर केला. झोपून झोपून माकडहाडाजवळ पडलेला लाल डाग फिका पडला होता.

"कोरी शे, आबा," मी म्हटलं.

डाव्या हातानं सदरा खाली ओढत ते म्हणाले, "तुनी ती कुस्ती... टीव्हीवरनी. तठे माती व्हती का?"

"माती नव्हती, आबा. रबराची गादी होती."

त्यांनी विचार केला. खरंच केला, पंचानं करावा तसा.

"मंग लागनी कोठे?" ते म्हणाले.

मला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही. आबाही हसले, चेहऱ्याच्या अर्ध्या भागानं. मी बाहेर ओट्यावर आलो. कुणाला तरी सांगायचं होतं. माय नव्हती. तालमीला माझा विसर पडला होता. तो थायलंडचा म्हातारा कुठं असेल देव जाणे. शेजारच्या काकू दारात दिसल्या, तर त्यांनाच म्हणालो, "काकू, मी जिंकलो."

"कशात रे?" त्यांनी विचारलं.

आबा दुसऱ्या वर्षी गेले. आता बाहेरून आलो की कुलूप मीच काढतो. कधीकधी दारात पाय अडखळतो, सवयीनं हात सदऱ्याकडे जातो. एकदा आत येऊन आरशासमोर वळूनही पाहिलं. पण कोपर पुरतं सरळ होत नाही, मान पुरती वळत नाही. आपली पाठ आपल्याला दिसत नाही.