वहिनीची वायफळ ओळ

माझ्या वहिनीला घरात आम्ही ‘तळटीप’ म्हणतो. ती कुठलीही गोष्ट एका वाक्यात संपवत नाही. ‘चहा टेबलावर ठेवलाय’ म्हणाली की मागोमाग येतं, ‘पण साखर घातलेली नाही, आणि निळा कप आईंचा.’ वॉशिंग मशीनवर तिने चिठ्ठी चिकटवली आहे: खिसे रिकामे न केल्यास काय परत मिळेल ते सांगता येत नाही. दादा म्हणतो, लग्नाला होकार देतानाही हिने दोन अटी आणि एक अपवाद सांगितला होता.

तिचा तरी काय दोष, कामच तसलं. प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत काही तयार अवजारं मिळतात, त्यांना मेथड म्हणतात. यादी क्रमाने लावणारी एक, शब्द शोधणारी एक, अशा शेकडो. प्रत्येकीचं एक पान असतं: हिला काय द्यायचं, ही काय परत करते, कुठे अडते. ती पानं वहिनी लिहिते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. पान बरोबर असलं तर लिहिणाऱ्याची कुणाला आठवणही येत नाही.

तिचा एक हट्ट आहे. उदाहरणाखालचं उत्तर ती कधी स्वतः लिहीत नाही. उदाहरण खरोखर चालवते आणि यंत्राने जे दिलं तेच चिकटवते. शिवाय, मेथड वापरल्यावर मूळ यादीचं काय झालं, तेही एका ओळीत दाखवते. तिच्या ऑफिसातले म्हणतात, वायफळ ओळ. मीही तेच म्हणायचे. उठसूट इतका काटेकोरपणा मला सोसत नाही.

परवा सकाळी एका अनोळखी प्रोग्रामरचा तिला निरोप आला. ‘मूळ यादी तशीच राहते, असं तुमच्या पानावर लिहिलंय. डायलिसिसच्या रुग्णांची पाळ्यांची यादी आम्ही फलकासाठी नावांप्रमाणे लावतोय. ताबडतोब फोन करा.’ खाली नंबर.

वहिनीने पान उघडलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. यादी लावणाऱ्या मेथड दोन आहेत, अगदी जुळ्या. एक नवी यादी करून देते, मूळ यादीला हात लावत नाही. दुसरी मूळ यादीचाच क्रम बदलून टाकते. वहिनीने पहिलीचं पान उचलून दुसरीसाठी फिरवून लिहिलं होतं. सगळं बदललं, ते एक वाक्य तेवढं जुनंच राहिलं होतं.

‘अगं, डॉक्टरांनी ठरवलेला क्रमच पुसला जाईल,’ ती म्हणाली. ‘कुणाची पाळी चुकली असेल तर?’

‘आधी फोन तर लाव,’ मी म्हणाले.

फोन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. दादा तिच्या शेजारी येऊन बसला. एरवी तिला चिडवल्याशिवाय त्याला घास जात नाही, पण तेव्हा तो स्वतःच नंबर पुन्हा पुन्हा लावून बघू लागला. मला तर रागच येत होता. माणसाचा जीव काय, एका वाक्यावर टांगायचा?

शेवटी त्या प्रोग्रामरचाच फोन आला. स्पीकर मी लावला.

‘एकच विचारायचं होतं,’ तो म्हणाला. ‘तुमचं वाक्य एक सांगतंय आणि खालचं उदाहरण दुसरंच दाखवतंय. खरं कुठलं?’

‘उदाहरण. वाक्य चुकलंय माझं. पण रुग्णांचं काय झालं? त्यांच्या पाळ्या?’

‘त्यांना काय होणार? अजून आम्ही चालूच केलेलं नाही. आज दुपारी करणार होतो. उदाहरणातली ती मूळ यादीची ओळ दिसली, म्हणून थांबलो.’

दादाने एवढा मोठा सुस्कारा सोडला की पलीकडून विचारणा झाली, ‘हॅलो, काय झालं?’ वहिनी हसायला लागली आणि हसता हसता रडली. मला तर त्या वायफळ ओळीचे पाय धरावेसे वाटले.

तिने लगेच वाक्य दुरुस्त केलं. उदाहरण पुन्हा चालवलं, अर्थातच. तेवढ्यात आई आतल्या खोलीतून आली आणि आम्हा तिघांकडे बघत राहिली.

‘काय गं, असे काय बसलात सगळे? काही झालंय का?’

‘नाही, आई,’ वहिनी डोळे पुसत म्हणाली. ‘सगळे ठीक आहेत.’

आम्ही पुढच्या ‘पण’ची वाट पाहिली. या वेळी तो आलाच नाही.