साक्रीकडचं इंग्रजी

त्या काळी लग्नाच्या बाजारात मुलाचे दोनच प्रकार असत, कायम आणि हंगामी. मी हंगामी होतो. पुण्याहून पोटापाठी धुळ्याला आलो आणि एका दवाखान्यात मदतनीस म्हणून चिकटलो, तोही 'काम असेल तोवर' या बोलीवर. जळगावला दिलेल्या माझ्या मावशीने माझ्यासाठी बोदवडची एक मुलगी हेरली होती. मला ती एका लग्नात ओझरती दिसली होती आणि तेवढ्यावरच मी जेवणातलं मीठ विसरू लागलो होतो. मुलीच्या वडिलांचं स्टेशनाजवळ दुकान. त्यांचा निरोप आला, "मुलगा कायम झाला की पत्रिका पाठवा. हंगामी जावई आम्हांला झेपायचा नाही."

नेमकं तेव्हाच आमच्या डॉक्टरसाहेबांनी हिवतापाची चौकशी काढली. साक्रीच्या पलीकडे डोंगरात एक गाव तापाने नेहमी फणफणलेलं असे. ताप कोणाला जास्त येतो, नाल्याकाठी राहणाऱ्यांना की उघड्यावर निजणाऱ्यांना, आणि कोयनेलच्या गोळ्यांनी तो खरोखर हटतो का, हे त्यांना ताडून पाहायचं होतं. गोळ्या थोड्या होत्या, म्हणून त्या आधी वरच्या गल्लीला वाटल्या; खालच्या गल्लीने मागून यायच्या गोळ्यांची वाट बघायची. त्या अवधीत दोन्ही गल्ल्यांत काय फरक पडला, हे कोणीतरी घरोघर जाऊन विचारायचं होतं.

"मी विचारलं तर लोक मला बरं वाटेल तेच सांगतात," साहेब म्हणाले. "अनोळखी माणूस पाहिजे. हे काम नीट करा, तुम्हाला कायम करण्याबद्दल मी वर लिहितो. इथली बोली येते ना?"

"बठ्ठी शे," मी ठणकावलं, म्हणजे 'सगळी आहे'.

साहेब खूश झाले. माझा सगळा साठा त्या दोन शब्दांत संपला होता, हे त्यांना कुठून कळणार?

वरच्या गल्लीत पहिल्याच ओट्यावर एक आबा दोरी वळत बसले होते. चेहरा टवटवीत. मी विचारलं, "आबा, तापाचं कसं? गेला?"

"आते नही," आबा म्हणाले.

'आता नाही', म्हणजे अजून गेला नाही. मी टिपून घेतलं. पुढल्या घरीही 'नही', त्याच्या पुढे तर 'नही, नही, बिलकूल नही'. मला कोयनेलची कीव येऊ लागली.

खालच्या गल्लीत एक म्हातारी अक्का गोधडीत गुरफटून दारातच बसली होती. दात एकमेकांवर वाजत होते. थंडीचे दिवस, म्हातारं माणूस कुडकुडणारच, असं मी स्वतःला समजावलं.

"अक्का, तापाचं कसं? गेला?"

"येस रे भाऊ, येस."

मी चाट पडलो. डोंगराच्या पोटातलं खेडं, जिथे मारुतीला तेल मिळायची मारामार, तिथे अक्का इंग्रजी बोलत होती. थंडीत साहेबलोकांचे तंबू या बाजूला पडत, त्याचाच हा वारा असणार. म्हटलं, आपणही पुण्याचे आहोत, मागे राहता कामा नये. मी छाती काढून, हसत म्हणालो, "व्हेरी गूड."

अक्काने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आत सुनेला हाक मारली, आणि माझ्या तळहातावर गुळाचा खडा आला. केवढं अगत्यशील गाव! शेजारच्या घरी एक दादा पांघरुणातून म्हणाले, "येस." मी 'व्हेरी गूड' म्हटलं. पुन्हा गूळ. खालची गल्ली संपली तेव्हा माझ्या तोंडाला गोडाची मिठी बसली होती.

धुळ्याला साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला, मग उलटा धरूनही पाहिला.

"गोळ्या घेतलेले सगळे अजून तापात, आणि न घेतलेले ठणठणीत?"

"लोकांच्या तोंडचं आहे, साहेब."

साहेब येरझारा घालू लागले. कोयनेलच ताप धरून ठेवतं की काय, असा विलक्षण विचार त्यांच्या डोक्यात शिरला. त्यांनी तो लगेच वरिष्ठांना कळवूनही टाकला. मग स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला म्हणून मला घेऊन गावी निघाले.

अक्का तशीच गोधडीत. साहेब धुळ्याकडचेच, त्यांनी तिच्या बोलीत विचारपूस केली आणि मग माझ्याकडे बोट दाखवलं, "याले काय सांगं तू?"

"ताप येस, आसं सांगं," अक्का म्हणाली. "हाऊ हासना. माले ताप येस, नि हाऊ हासस. मंग बोलना, येरी गूड. माले वाटनं, बिचारा भुक्या शे, गूड मांगस. दिधा खडा."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. 'येस' म्हणजे 'येतो'. येतो म्हणजे गेलेला नाही. आणि 'आते नही' म्हणजे आता ताप नाही. वरची गल्ली बरी झाली होती, खालची तापाने खिळखिळी झाली होती, आणि मी तिथे दारोदार गूळ मागत हिंडलो होतो.

परतीच्या छकड्यात साहेब बैलांच्या पाठींकडे पाहत होते. बोदवड माझ्या डोळ्यांसमोरून स्टेशनासकट निघून चाललं होतं.

"मला काढणार का?" मी शेवटी विचारलं.

"काढलं तर कारण लिहावं लागेल," साहेब म्हणाले. "कारण लिहिलं तर कोयनेलबद्दल मी जे अकलेचे तारे तोडलेत, ते कुठून आले हेही लिहावं लागेल. गप्प बसाल?"

"बसेन."

"कोणत्याही भाषेत?"

मी नुसती मान हलवली. साहेबांनी वर कळवलं की पहिल्या चौकशीत 'उच्चाराचा घोटाळा' झाला. खालच्या गल्लीला गोळ्या पोचल्या, साहेबांनी स्वतः घरोघर विचारलं, आणि अक्काचा ताप गेला. महिना फिरला नाही तोच माझ्या कायम नेमणुकीचा हुकूम आला.

पण बोदवडचे सासरे (तेव्हा व्हायचे होते) कच्चे व्यापारी नव्हते. पत्रिका जुळली तरी माल स्वतः पारखायला ते धुळ्याला आले आणि थेट साहेबांपुढे बसले. मी दाराआड बाटल्या पुसत होतो.

"मुलगा कायम आहे ना, साहेब?"

"कायम आहे."

"आणि बुद्धीने कसा आहे?"

साहेब खोकले. खिडकीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझ्या हातातली बाटली पुसून पुसून झिजायला आली.

"पगार," साहेब म्हणाले, "दर महिन्याला वेळेवर होतो."

सासऱ्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "तेवढं पुरे. पुढचं आमची पोरगी बघून घेईल."