मुगात शिसं

गोकुळ रोडवरच्या कारखान्यांना ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे साच्याचे नमुने, करून देण्यात गोदावरीची तीस वर्षं गेली. नवरा गेल्यावर त्याचा रंधा तिनं उचलला तो उचललाच. उरल्यासुरल्या फळकुटांतून ती विमानं करते. हे तिला कुणी शिकवलं नाही, पडून पडून विमानांनीच शिकवलं.

यंदा शाळेत शनिवारी विमानांचा वर्ग सुरू होणार होता. मुख्याध्यापिका मेधाबाई म्हणाल्या, "अक्का, एक विमान उडवून दाखवा, वर्ग तुमचा." हा वर्ग गोदावरीला फार हवा होता. महिनाभर खपून तिनं विमान केलं आणि पंखांखाली दोन बोटं धरून तोलून पाहिलं. शेपटी खाली जात होती, म्हणून पंख सरळ राहीपर्यंत नाकात शिशाचे तुकडे भरले. उडवायच्या आदल्या दिवशी विमान शाळेत पोचवताना खोक्यावर चिठ्ठी चिकटवली: मुगात शिसं आहे, काढू नये. कन्नडमध्ये नाकाला मूगु म्हणतात, आणि तिच्या मराठीत तो शब्द जन्मापासून घुसून बसलेला.

परीक्षक म्हणून पुण्याचे विनायक सर आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि थेट शाळेच्या स्वयंपाकघरात पाठवली. तिथं स्वयंपाक करणाऱ्या भारतीनं घाबरून मुगाची अख्खी उसळ ओतून दिली. इकडे सरांना विमानाचं नाक जड लागलं, म्हणून त्यांनी शिसं काढून टेबलावर ठेवलं. हलकं विमान चांगलं उडतं, असं मुलांना वर समजावलंही. करणारी बाई दहा मिनिटांत पोचणार होती, पण तेवढं थांबतो कोण?

गोदावरी फाटकातून आत शिरली तेव्हा सर विमान सोडत होते. त्यानं तोंड वर केलं, क्षणभर लटकलं आणि शेपटीवर मातीत आपटलं. पोरं हसली.

"हौशी काम आहे," सर मेधाबाईंना म्हणाले. "तोलाचं गणित या लोकांना कुठून कळणार?"

गोदावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या मापात कधी केसाची चूक निघाली नाही, तिला हा माणूस गणित सांगत होता. तेवढ्यात टेबलावरचं शिसं दिसलं.

"हे काढलं कुणी? चिठ्ठी वाचली न्हाई?"

"वाचली. ती मुगाची होती."

"मूग म्हंजे नाक, सर. इथली बालवाडीतली पोरंबी सांगतील. कळलं न्हाई तर इचारायचं की."

तिनं विमान सरांच्याच बोटांवर ठेवलं. शेपटी लोंबली. शिसं भरून पुन्हा ठेवलं, तर पंख जागचे हलेनात. मग तिनं ते सोडलं. सगळं मैदान ओलांडून ते कुंपणाशी अलगद टेकलं.

"वारा बरा होता," सर म्हणाले.

मेधाबाई सारवासारव करू लागल्या. "असं करू, वर्ग सर सांगतील त्या इंजिनियरला देऊ. अक्का, तुम्ही मदतीला राहा, गोंद-बिंद बघायला."

"गोंद बघायला मी येत न्हाई, बाई," गोदावरी म्हणाली. "वर्ग मी घेते. सरांना शिकायचं असंल तर पहिल्या बाकावर बसू द्या."

मेधाबाईंनी सरांकडे पाहिलं, मग वही उघडली आणि शनिवारापुढे गोदावरीचं नाव लिहिलं.