डबा म्हणजे तोंड

बाबांना माऊसचा मनापासून तिटकारा. उंदीर धरून बसणं हे मांजराचं काम, असं ते माझ्या तोंडावर सांगतात, आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामात मी दिवसभर तेच करून पोट भरते हेही त्यांना चांगलं ठाऊक असतं. त्यांची सगळी नोकरी रसायनांच्या एका कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करण्यात गेली. आई गेल्यावर ते माझ्याकडे पनवेलजवळ रोडपालीला राहायला आले, तेव्हा टेम्पोतून कपड्यांच्या आधी त्यांचा जुना डेस्कटॉप उतरला. त्यावर टर्मिनलची, म्हणजे हुकूम टाइप करायची, काळी खिडकी कायम उघडी असते.

माझा दादा शांघायला असतो. वहिनी तिथलीच. त्यांची मुलगी चिनी फाडफाड बोलते आणि मराठी अडखळत. नातीच्या भाषेत दोन शब्द तरी कळावेत म्हणून बाबांनी या वयात चिनी अक्षरं शिकायला घेतली. दादाने एक छोटासा प्रोग्रॅम करून दिला. रविवारी नात तिकडून चिनी शब्द टाकणार, तो इथे बाबांच्या काळ्या खिडकीत उमटणार आणि बाबांनी त्याचा मराठी अर्थ टाइप करायचा. बरोबर आला की ती फोनवर "शाब्बास आजोबा" म्हणायची. त्या शाब्बासकीवर बाबांचा पुढचा आठवडा निघायचा.

पण सुरुवातीला अक्षरं काही उमटेनात. प्रत्येक अक्षराच्या जागी नुसता रिकामा चौकोन यायचा. बाबा त्याला डबा म्हणत. मी चिनी फॉन्ट टाकला, भाषेच्या सेटिंग्ज बदलल्या. मग अक्षरं आली ती अर्धी कापलेली, कारण एका चिनी अक्षराला इंग्रजी अक्षराच्या दुप्पट जागा लागते आणि ते जुनाट टर्मिनल तेवढी द्यायला तयार नव्हतं. शेवटी टर्मिनलच बदललं. सगळी अक्षरं स्वच्छ दिसू लागली, एक सोडून. तिथे डबा तो डबाच: 口. मी अख्खी सुट्टी त्या डब्यामागे घालवली, फॉन्टवर फॉन्ट बदलले, चिडचिड केली, आणि नाइलाजाने दादाला फोन लावला. तो इतका हसला की त्याला बोलता येईना. ते अक्षरच तसं होतं, चौकोनी. त्याचा अर्थ तोंड.

"डब्याचा आणि तोंडाचा संबंध मला नोकरीभर ठाऊक होता," बाबा म्हणाले. आयुष्यभर डबा घेऊन कामावर गेलेला माणूस तो.

तेव्हापासून घरात तो विनोद कायमचा मुक्कामाला आला. बाबा म्हणायचे, डबा दिसतोय. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, मग तोंड असेल. फोनवर दादाही तेच म्हणायचा. हसायला इतकं सोपं निमित्त आमच्या घरात आई गेल्यापासून नव्हतं, म्हणून आम्ही ते जरा जास्तच वापरलं.

पुढे बाबा वरचेवर डब्यांची तक्रार करू लागले. ओळी वाकड्या दिसतात, असंही एकदा म्हणाले. मी फॉन्टची धार वाढवून दिली. त्याच सुमारास त्यांनी स्कूटर चालवणं सोडलं. पळस्प्याच्या फाट्यावर ट्रकवाले माणसाला माणूस समजत नाहीत, म्हणाले. हे खरंच आहे, त्यामुळे आम्हाला पटलं. त्यांनाही पटलं असावं. मशीन बिघडलंय, रस्ता बिघडलाय, असंच ते धरून चालले होते, आणि मशीनवाली लेक घरातच होती.

दिवाळीच्या आधी एका रविवारी नातीचा शब्द आला. बाबांनी आतून सांगितलं, "दोन डबे आलेत." माझे हात कणकेत होते. मी म्हटलं, "मग दोन तोंडं, बाबा." त्यांनी तेच टाइप केलं.

लगेच नातीचा फोन आला तो रडक्या आवाजात. शब्द सोपा होता, बाबांनी केव्हाच शिकलेला. मी हात धुऊन जाऊन पाहिलं. पडद्यावर 回国 अशी दोन अक्षरं होती, अगदी ठसठशीत. मायदेशी परत येणं. ते सगळे दिवाळीला इकडे येणार होते, आणि ही बातमी आजोबांनी वाचूनच ओळखावी म्हणून तिने दादाला गप्प बसवलं होतं. दोन्ही अक्षरांना बाहेरून चौकट आहे. बाबांना तेवढी चौकटच दिसत होती. आतलं काही नव्हतंच.

पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब होत गेला होता, कडेची नजर शाबूत होती. इंजेक्शनांनी आहे ते टिकेल, म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. लवकर आणायला हवं होतं, हेही म्हणाले, पण आवाज न चढवता. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. बिघाड दिसला की तो मशीनमध्ये शोधायचा, ही माझ्या धंद्याची सवय. त्या पडद्यावरचं एकेक अक्षर मी नीट करून दिलं, आणि पडद्यासमोरच्या माणसाकडे पाहायचं राहून गेलं. याचं वाईट वाटणं कमी होत नाही.

दिवाळीत ते सगळे आले. फराळाची ताटं तशीच टाकून नातीने आजोबांना ओढत कॉम्प्युटरपाशी नेलं. मी एक अक्षर अख्ख्या खिडकीत मावेल एवढा फॉन्ट मोठा करून ठेवला होता. तिने त्यांच्या शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून 回 टाकलं. बाबांनी मान वळवली, रुसल्यासारखी, आणि डोळ्याच्या कडेने बराच वेळ पाहिलं.

"तोंड," ते म्हणाले.

ती या वेळी रडली नाही. काचेवर बोट टेकवून, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आजोबा, आत अजून एक आहे."

बाबांनी चाचपडत तिचं बोट धरलं.

"असेल," ते म्हणाले. "आतलं आता तूच सांगायचं."