उदमांजराला हात

आमच्या गोष्टींमध्ये माणसाचा जीव अंगाबाहेर असतो, जनावराच्या रूपात. तो माणसासोबत चालतो, बोलतो, रुसतो. नियम एकच: दुसऱ्याच्या जनावराला हात लावायचा नाही. नवरा-बायकोनेसुद्धा विचारल्याशिवाय नाही. हे जग आमचं नव्हे, परक्या लेखकाचं. त्यात आपली माणसं घालून लिहायचं, त्याला फॅन फिक्शन म्हणतात. माझी आई त्याला रिकामटेकडे धंदे म्हणते.

मी बोरिवलीची, मूळ मालवणची. माझी मैत्रीण अंधेरीच्या गावठाणातली, ख्रिश्चन. ओळख या लिहिण्यातूनच झाली. तिने स्वतःसाठी उदमांजर निवडलं, कारण आरेच्या जंगलातून बसने येताना एकदा ते तिला दिसलं होतं. मला तिने टिटवी दिली. म्हणे, तू उगाच ओरडत असतेस. बरोबरच आहे म्हणा.

मग आम्ही मिळून एक गोष्ट लिहिली. शेवटच्या भागात तिच्या नायिकेने आपलं उदमांजर माझ्या नायिकेच्या मांडीवर ठेवलं. पुढचं मी लिहिलं: माझ्या नायिकेने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तिच्या नायिकेने डोळे मिटले. बस, एवढंच. खाली एका वाचक बाईने लिहिलं की वाचताना दार लावून घेतलं. त्यानंतर आठवडाभर आम्ही दोघी बोललो नाही. मग बोललो, पण त्याबद्दल कधीच नाही. माझं प्रेम होतं गं तिच्यावर. तेव्हा तोंडातून निघालं नाही.

गेल्या वर्षी तिचा साखरपुडा झाला. मुलगा सांताक्रूझचा, विमानतळावर नोकरीला. चांगला आहे, हीच तर पंचाईत. शिव्या घालायला काही ठेवलंच नाही मेल्याने.

साखरपुड्याची जेवणं झाल्यावर ओट्यावर तिच्या भावंडांनी त्याला विचारलं, ही दिवसभर फोनवर लिहिते तरी काय. त्याने आपला फोन काढला आणि नेमका तोच भाग मोठ्याने वाचायला घेतला. आता सगळ्यांना कळणार, वाट लागली. पण मावश्या फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे ते तळलेले गोल पाव, खात ऐकत होत्या. मानेवरून हात फिरवल्याचं वाक्य त्याने मांजराचा आवाज काढत वाचलं, तेव्हा सगळे हसले. एक मावशी कौतुकाने म्हणाली की पोरीला मुक्या जनावरांची किती माया आहे. मीही हसले. मग पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसून आले. माझी मैत्रीण मान खाली घालून नवी अंगठी फिरवत बसली होती.

तो तिच्या शेजारी टेकला आणि गमतीत विचारू लागला, तुझं उदमांजर आत्ता कुठे आहे. तिने खांद्याकडे बोट दाखवलं. त्याने हात उचलला आणि मध्येच थांबवला. नियम त्याने नीट वाचला होता, एवढं कबूल करायला हवं.

"लावू का हात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिथे दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसलं नसेल. मी फुग्याचा तुकडा मोडत राहिले.

"लाव," ती त्याला म्हणाली.

त्याने हात अलगद तिच्या खांद्यापाशी आणला आणि हवेत, जनावराची मान असावी तिथे, हळूच फिरवला. तिने डोळे मिटले, मी लिहिलं होतं तसेच.