पाववाल्याचा सिनेमा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे, उरलेलं अर्धं तिलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — ते विचारू नका. कधीतरी तोंड उघडायला पाहिजेच ना?

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब — आणि नळाला पाणी नाही. दुष्काळ असा की टँकरचा भोंगा वाजला की बायका तव्यावरची भाकरी टाकून पळायच्या. मी किनवटकडचा, पार नांदेड जिल्ह्याच्या टोकाचा. ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी लागली म्हणून इकडे आलो. आडनाव जाधव. जाधव मराठ्यांत असतात, तसे आमच्यातही असतात, आम्ही बौद्ध. खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. “म्हणजे आपलेच की,” म्हणत त्यांनी किल्ली दिली. मी खोटं बोललो का? नाही. दुरुस्तही केलं नाही. त्यांच्या अंगणात बोअर होता आणि त्याला पाणी होतं — हेही सांगून टाकतो, नाहीतर मी तुम्हाला उगीच भोळा वाटायचो.

मालकीणकाकू माझ्या बायकोला पापड लाटायला बोलवायच्या, थेट चुलीपाशी. आमची बुद्धाची मूर्ती ट्रंकेत, साड्यांच्या खाली. बायको विचारायची, असं किती दिवस? मी म्हणायचो, पाऊस तर पडू दे.

गावात आम्ही काही जणांनी फिल्म सोसायटी काढली होती. अध्यक्ष एक वकीलसाहेब. समितीत मी, आणि कापडाचं दुकान असलेले रशीदभाई. पडदासुद्धा त्यांच्याच दुकानातल्या मांजरपाटाचा शिवलेला. सिनेमाचं वेड म्हणजे काय ते या माणसाकडे बघावं. सिनेमा संपला की कुणालाही उठू द्यायचे नाहीत. सगळ्यांनी बसायचं, आणि एकेकानं बोलायचं — दिग्दर्शनाबद्दल वगैरे नाही, स्वतःबद्दल. “सिनेमा पडद्यावर सोडायचा न्हाई, घरी घेऊन जायचा,” हे त्यांचं ठरलेलं. लोक खरंच बोलायचे हो. एक कडक हेडमास्तर आईच्या आठवणीनं रडले होते.

त्या साली मुंबईच्या ज्यू मंडळींनी आपल्या लोकांचे सिनेमे गोळा करून महोत्सव काढला. तो फिरतीवर निघाला — आधी लातूर, मग नांदेड. पाच सिनेमे येणार होते, आम्हाला हॉल दोनच संध्याकाळी मिळत होता. दोन निवडायचे. माहिती इंग्रजीत, म्हणून वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. एक लग्नाच्या गोंधळाचा विनोदी, एक गाणाऱ्या आजीबाईंचा — असं सांगत सांगत मी चौथ्याशी आलो. परक्या गावात नाव बदलून राहणाऱ्या एका ज्यू पाववाल्याची गोष्ट. गावाला वाटतं, तो आपल्यातलाच. तो त्यांच्या प्रार्थनेला जातो, त्यांच्या सणाला पाव भाजतो. 

“सर, ह्योच,” रशीदभाई म्हणाले. “बाकीचे ऱ्हाऊ द्या. माणूस सोताचंच नाव सोतापासून लपवून ऱ्हायला म्हंजे काय, बगायचंय मला.”

सिनेमाची भीती नव्हती. भीती होती ती नंतरच्या बसण्याची. सगळे आपापलं बोलणार, मग माझी पाळी येणार. आणि रशीदभाईंच्या बहिणीचं सासर किनवटला होतं — हे त्यांनी एकदा सहज सांगितलं होतं, तेव्हापासून मी त्यांच्यासमोर गावाचा विषय काढत नव्हतो. त्यांना ठाऊक असेल का? त्या भरल्या बैठकीत ते काही बोलले तर? मी म्हणालो, हा सिनेमा संथ आहे. कुणी ऐकेना. निर्णय उद्यावर गेला.

मी उठून वकीलसाहेबांच्या घरी गेलो. हे सांगताना आजही जीभ जड होते. मी म्हणालो — रशीदभाई समितीत भिडेखातर हो म्हणाले, पण मला बाजूला घेऊन बोलले. बाकीचे चालतील, पण ज्यूंचा कळवळा आणणारा हा सिनेमा लावला तर आमच्या मोहल्ल्याला खपणार नाही. बघा बुवा.

“बरं झालं बोललात,” वकीलसाहेब म्हणाले. “नव्या जिल्ह्यात पहिल्याच वर्षी लफडं नको.”

किती पटकन सुचलं मला! मुसलमानाच्या नावावर काहीही खपतं, हे मला कुणी शिकवलं होतं? ज्यांच्या नावावर गावानं पिढ्यान्‌पिढ्या काहीबाही खपवलं, त्यांच्या पोटी मी जन्मलो होतो. मला तर हे कळायलाच हवं होतं. कळत होतंच — म्हणूनच जमलं.

दोन सिनेमे झाले. लग्नाच्या सिनेमाला हॉल हसून लोळला, मीही हसलो. पण रशीदभाईंनी तो सिनेमा अडवला, अशी गोष्ट गावात फुटली. दुकानात येऊन लोक रशीदभाईंना टोचू लागले — आता सिनेमेबी तुम्हीच ठरवून राहिलात का? नव्या साहेबांच्या बायका त्यांच्याकडून कापड न्यायच्या, त्या कमी झाल्या. सोसायटीचं बोलावणं बंद झालं. मग ते एकटे एस.टी.नं नांदेडला गेले आणि तो सिनेमा बघून आले. स्टँडजवळ मला भेटले, चहा पाजला. मी विचारलं, कसा होता?

“लई भारी. पाववाल्याचं भ्याव दावलंय, दुसरं काय न्हाई,” ते म्हणाले. “तुमी बगायला पायजे होता, सर.” आणि मग दुष्काळाचं, बोअरचं, इकडचंतिकडचं बोलत बसले.

पुढच्या वर्षी माझी बदली नांदेडला झाली. निरोपाच्या जेवणात वकीलसाहेब हसत हसत म्हणाले, “खरं सांगू? तेव्हा मला तुमचाच संशय आला होता. दुसऱ्या दिवशी रशीदला जाऊन विचारलं. तो म्हणाला — हाव, मीच म्हणलो.”

तेव्हा मला कळलं, रशीदभाईंना माझं सगळं ठाऊक होतं. ते नाही म्हणाले असते तर पुढचा प्रश्न मलाच आला असता — जाधव खोटं का बोलले? मग खोली गेली असती, पाणी गेलं असतं. म्हणून त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं. आणि मी काय केलं? मी “हो का?” म्हणालो. लातूर सोडलं. जाताना दुकानावर गेलो नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली.

आता नांदेडला माझं घर आहे, गच्चीवर पंचशील ध्वज आहे. बुद्धपौर्णिमेला मी स्वाभिमानावर भाषण करतो, लोक टाळ्या वाजवतात. रशीदभाई गेले. दुकान मुलगा चालवतो.

मागच्या महिन्यात रेणापूरला एका लग्नात जुने लातूरकर भेटले. जेवताना सोसायटीची आठवण निघाली. एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तो रशीद कापडवाला आठवतो का? त्यानंच सिनेमा बंद पाडला होता बघा.” रशीदभाईंचा मुलगा समोरच्याच पंगतीत होता. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली. मग त्यानं वर बघितलं, नेमकं माझ्याकडे — अब्बांच्या सोसायटीतले सर म्हणून मला तो ओळखतो. सर काही बोलतील, असं त्याला वाटलं असावं.

वाढपी आला होता. मी वरण मागितलं.